बोरगाव ते पैठण : एका शिकाऊ सारथ्याचा बेत

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो आणि माझी गुरू झाली ती माझी पत्नी. तीस वर्षे ज्याने इतरांच्या चुका लाल शाईने खुणावल्या, त्याच्याच मोटारीवर आता पुढेमागे पांढरी पाटी लागली असून तिच्यावर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर झळकत आहे. ते किमान दहा सेंटिमीटर उंच असावे असा नियमच आहे. ही पाटी मिरवीत गावातून निघालो की माझे माजी विद्यार्थी चहाच्या टपरीवरून उठून नमस्कार करतात. तो नमस्कार आदराचा की सावधगिरीचा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आमचे बोरगाव सौंसर तहसिलीत, नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर वसलेले आहे. हा भाग पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. आमच्यापैकी कोणी घर सोडले नाही की शेत विकले नाही. सीमा तेवढी बदलली. कचेरीत हिंदी, बाजारात दोन्ही आणि स्वयंपाकघरात वऱ्हाडी वळणाची मराठी, अशी आमची व्यवस्था आहे. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

एके काळी बोरगाव म्हणजे कापूस आणि संत्री. पुढे येथे औद्योगिक केंद्र उभे राहिले, रेमंडच्या कापडाची गिरणी आली, इतरही कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग मालमोटारी आल्या. माझ्या शाळेतील पुष्कळ मुले हा महामार्ग ओलांडून येतात. गेली अनेक वर्षे सकाळी शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास मी रस्त्याच्या कडेला उभा राहतो, हात वर करून वाहने थांबवितो आणि मुलांना पलीकडून अलीकडे घेतो. रस्ता मी पाहिला तो असा, काठावरून. मोटार चालविणारा माणूस हा माझ्या दृष्टीने आजवर केवळ प्रतिपक्ष होता. मी स्वतः वाहन चालविण्यास शिकलो नाही, याचे खरे कारण वेळेचा अभाव हे नव्हते. त्या प्रतिपक्षात सामील होण्याची मला भीती वाटत होती.

ती भीती मोडली आईमुळे. आईने एक्याऐंशी वर्षे पूर्ण केली आहेत. तिचे माहेर वरुडकडचे. लहानपणी बैलगाडीने ती आजोळी जात असे, त्या वाटेवरची गावे तिला अजून ओळीने पाठ आहेत. रिद्धपूर पाहावे आणि पैठणला नाथांच्या वाड्यात एकदा माथा टेकावा, ही तिची इच्छा. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी तिला चढवत नाही. पुण्यात नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनी तोडगा सुचविला : “नागपूरहून भाड्याची गाडी करू, समृद्धी महामार्गाने निघू, दुपारच्या जेवणाला छत्रपती संभाजीनगर, संध्याकाळी पैठण.” आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मले गावं पाहाची हायेत रे, नुसती सडक नाई.”

या एका वाक्यावर आमचा सारा बेत उभा आहे.

घरात सौ.ची जुनी मारुती आठशे आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. आमची मात्र चालते आहे. सौ. अंगणवाड्यांच्या कामासाठी दहा वर्षांपूर्वी मोटार शिकली. ही दहा वर्षे मी तिच्या शेजारी बसून, स्वतःला काही येत नसताना, सूचना देत आलो. आता कायद्यानेच आमच्या जागा बदलल्या आहेत. शिकाऊ परवानाधारकाच्या शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती, गाडी आवरता येईल अशा रीतीने बसलेली असली पाहिजे, असा नियम आहे. चाळिशी उलटलेल्याला वैद्यकीय दाखला द्यावा लागतो, तोही दिला. परवान्याची मुदत सहा महिने आणि तो साऱ्या भारतात चालतो. सीमेवरच्या माणसाला हे शेवटचे कलम फार मोलाचे वाटते, कारण आमच्या घरापासून दुसरे राज्य अगदी हाकेवर आहे.

आता समृद्धी महामार्ग का टाळायचा, हे सांगितले पाहिजे. मी त्याचा निंदक नाही. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्णत्वास गेला. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यावयाचे असेल किंवा शेतकऱ्याची संत्री ताजी असताना मुंबईस पोचवायची असतील, तर त्याचे मोल कोण नाकारील? परंतु तेथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे आणि माझ्यासारख्याने तेथे ४० च्या वेगाने जाणे हाही इतरांच्या जिवाशी खेळ आहे. मंदगतीला प्रत्येक रस्त्यावर जागा नसते.

मी भाषेचा माणूस, तरी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. १२० च्या वेगाने ३३ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असते. पुढे ब्रेक दाबल्यावर गाडी ज्या अंतरात थांबते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तिप्पट झाला की हे अंतर नऊपट. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ४० च्या वेगाने निघालेली गाडी सुमारे २० मीटरांत उभी राहील, तर १२० च्या वेगाने निघालेलीला ११० मीटरही अपुरे पडतील. हा हिशेब मांडल्यावर कितीतरी वेळ मी स्वस्थ बसून राहिलो. रोज सकाळी भरधाव मालमोटारीपुढे दहा-पंधरा मीटरांवरून हात वर करणारा मी, इतकी वर्षे केवळ दैवाच्या आधारावर उभा होतो!

मग नकाशा पसरला. महामार्ग टाळायचा आणि घर तर महामार्गावरच! तेव्हा पहिला निर्णय असा की बोरगाव ते सौंसर हा तुकडा सौ. चालवील, सुकाणू माझ्या हाती सौंसरपुढे. तेथून पांढुर्णा. पांढुर्ण्याला नागपूर–बैतूल हा महामार्ग क्रमांक ४७ आडवा येतो. तो आम्हांला केवळ ओलांडायचा आहे. पुढे वरुड, मोर्शी, रिद्धपूर आणि पहिला मुक्काम अमरावती. दुसऱ्या दिवशी कारंजा, हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. मग मंगरूळपीर आणि वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म. याच दिवशी केव्हातरी समृद्धी महामार्ग आमची वाट कापून जाईल आणि आम्ही त्याला दुरून नमस्कार करू. तिसऱ्या दिवशी रिसोडवरून लोणार. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेले ते पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचे विवर, त्यातील खारे सरोवर आणि गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पाहण्यास अर्धा दिवस राखून ठेवला आहे. चौथ्या दिवशी जिजाऊसाहेबांचे सिंदखेडराजा आणि जालना. पाचव्या दिवशी अंबड, पाचोड आणि पैठण. एकूण पाचशे किलोमीटरांहून काहीसे अधिक. चिरंजीवांच्या हिशेबात जे एका दिवसाचे काम, त्याला आम्ही पाच दिवस घेणार.

सिंदखेडराजाचे नाव वहीत लिहिताना हात थबकला. १ जुलै २०२३ च्या रात्री त्याच परिसरात समृद्धी महामार्गावर एका खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस प्रवाशांचा अंत झाला. वृत्तपत्रातले ते छायाचित्र मी आईपासून लपविले होते. नकाशावर ते ठिकाण एका टिंबाएवढेही नाही.

मार्गासोबत नियमही लिहून काढले. सूर्योदयानंतर निघायचे, सूर्यास्तापूर्वी गाडी उभी करायची. दिवसाला सव्वाशे किलोमीटर, फार तर थोडे अधिक. दर तासाला थांबायचे, ते आईच्या गुडघ्यांसाठी आणि माझ्या खांद्यांसाठी. ज्या गावी आठवडी बाजार असेल, त्या गावी बाजाराच्या दिवशी जायचे नाही. मोठ्या शहरात शिरताना सुकाणू सौ.कडे. आणि शेवटचा नियम सौ.ने स्वतःच्या हाताने लिहिला : “शेजारी बसणारीने सांगितल्यावर वाद घालू नये.”

हा मार्ग निश्चित झाल्यावर मला एक गोष्ट जाणवली. एम.ए.ला असताना ‘लीळाचरित्र’ अभ्यासाला होते. रिद्धपूर, मेहकर, लोणार, पैठण ही नावे मी परीक्षेसाठी पाठ केली, वर्गात सांगितली, पण त्यांपैकी एकही गाव डोळ्यांनी पाहिले नव्हते. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी याच मुलखातून पायी हिंडले. त्यांच्या मागे म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या, त्याही ज्यांनी जे पाहिले-ऐकले त्यांना विचारून. स्वामी कोणत्या गावी कोठे उतरले, कोठे बसले, याची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ नावाची स्वतंत्र पोथीच महानुभावांनी सिद्ध केली. देऊळ, ओटा, झाड, दाराची दिशा इतक्या बारकाईने स्थळ टिपायचे, तर माणसाने त्या ठिकाणी पायी जाऊन थांबलेच पाहिजे. मराठी गद्याचा आरंभीचा हा ठेवा पायी चालणाऱ्यांनी आणि थांबणाऱ्यांनी जमविला, हे मी तीस वर्षे शिकविले असते तर शोभले असते. ते मला कळले मोटार शिकताना.

पक्का परवाना मिळाल्याखेरीज सगळा प्रवास करायचा नाही, असे ठरले होते. तरी पहिल्या टप्प्याची रंगीत तालीम म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही रिद्धपूरपर्यंत जाऊन आलो. मागच्या आसनावर आई, तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा, पायाशी पाण्याची कळशी. बाटलीतल्या पाण्यावर तिचा विश्वास नाही.

सौंसरला जागा बदलल्या. जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंताला मनातल्या मनात नारळ बोललो आणि क्लच सोडला. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्या खेपेस मारुतीराया जागे झाले असावेत. पांढुर्ण्यापर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. अंबिया बहाराची तोड चालू होती. बांधाबांधावर पिवळ्याजर्द फळांचे ढीग आणि भोवती क्रेट भरणाऱ्या बाया. पांढुर्ण्यात जाम नदीचा पूल आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार आईला आठवली. “एवढे शाहणे लोक, अन् गोटे मारतात,” असे ती पुटपुटली.

वरुडच्या वाटेला लागलो आणि समोर संत्र्यांची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आला. त्याचा वेग ताशी वीस. ट्रॉलीवर तोडीचे मजूर बसले होते. मी मागे राहिलो. एक किलोमीटर, दोन किलोमीटर, पाच किलोमीटर. मागून एका जीपवाल्याने हॉर्नचा सपाटा लावला. सौ.ने आरशात पाहिले, पुढे पाहिले आणि म्हणाली, “अहो, टाका ना पुढे. रस्ता मोकळा आहे.” रस्ता खरोखरच मोकळा होता. ‘वाद घालू नये’ हा नियम मला पाठ होता. मी दिवा लावला, गिअर बदलण्यास हात पुढे नेला आणि धीर झाला नाही. हात तसाच मागे घेतला. मागचा हॉर्न अधिकच कर्कश झाला.

तेवढ्यात एका वस्तीपाशी ट्रॅक्टर मंदावला. ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावरून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खाली उडी मारून उतरला आणि इकडेतिकडे न पाहता धावत रस्ता ओलांडून गेला. ज्या बाजूने मला पुढे काढायचे होते, बरोबर त्याच बाजूने. त्याच्या हातात दोन संत्री होती. मी ब्रेक दाबला, गाडी गचका देऊन बंद पडली. मागचा जीपवालाही थांबला आणि त्याचा हॉर्न थांबला. मुलगा आपल्या घराच्या दारात पोचलासुद्धा होता. त्याने वळून पाहिले नाही.

“काहून रे, पुन्हा बंद पडली का?” आईने मागून विचारले. तिने काही पाहिले नव्हते. मी ‘होय’ म्हणालो. सौ. काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने, वरुड जवळ आल्यावर, ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “मी दहा वर्षे चालवते आहे. मी असते तर टाकली असती पुढे.”

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मी कोणतेही कौशल्य दाखविले नाही; त्या मुलाला तर मी पाहिलेही नव्हते. मला भीती वाटली, एवढेच खरे. पण त्या भीतीने मला वीसच्या वेगात ठेवले आणि वीसच्या वेगात माझ्यासारख्या अनाड्यालाही थांबता आले. शाळेच्या दारातून मुले पाहताना ती मला पूर्ण आकाराची दिसतात, नावानिशी दिसतात. काचेआडून ट्रॉलीमागचे मूल दिसतच नाही आणि दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्यांना मी प्रतिपक्ष म्हणत आलो, त्यांच्यातले पुष्कळजण निर्दय नसावेत. त्यांना मुले दिसत नसावीत.

रिद्धपूरला पोचेतो उन्हे डोक्यावर आली होती. गोविंदप्रभूंचे हे गाव. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ येथेच सिद्ध केले. आद्य मराठी कवयित्री महदंबेचे ‘धवळे’ही येथलेच. अलीकडे मराठी भाषेचे विद्यापीठही येथे स्थापन झाले आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा या गावाचे नाव पुष्कळांच्या ओठी आले. आई पायरीवर टेकली. तिला ग्रंथांची नावे ठाऊक नाहीत. तिने भोवतालच्या बायांशी पाच मिनिटांत माहेरची ओळख काढली. कोण कोणाची नणंद, कोणाचे शेत कोणत्या ओढ्याकाठी, हे सारे निघाले. तिच्या आजोळची एक लेक याच भागात दिली होती, तिचाही ठावठिकाणा लागला. ती वारली होती, पण तिची सून भेटली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी म्हाइंभटांचा विचार करीत बाजूला उभा राहिलो. ज्यांनी पाहिले त्यांना विचारून आठवणी गोळा करणे म्हणजे काय, ते समोरच चालले होते.

परतीचा बराचसा रस्ता सौ.ने चालविला. मोकळ्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर आला, तेव्हा तीही काही वेळ मागे राहिली.

सोमवारी शाळेत गेलो तो एक लाल कापड आणि वेताची काठी घेऊन. आता मी मुलांच्या शेजारी उभा राहत नाही. महामार्गाच्या दोन्ही अंगांना, शंभराहून अधिक पावले दूर, एकेक मोठा माणूस लाल निशाण घेऊन उभा असतो. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमचे शिपाई. दोन्हीकडची वाहने खरोखर थांबल्यावर तिसरे शिक्षक मुलांना सोडतात. शिवाय प्रार्थनेनंतर मी मुलांना एक नवे वाक्य शिकविले आहे : “मला गाडी दिसते, याचा अर्थ गाडीवाल्याला मी दिसतो असा नाही.” लहान वर्ग ते हिंदीत म्हणतात, घरी जाऊन मराठीत सांगतात. व्याकरणाचे नियम त्यांच्या लक्षात राहतील न राहतील. एवढे राहिले तरी पुष्कळ झाले.

आता पक्क्या परवान्याची चाचणी तोंडावर आली आहे. माझ्या वयाच्या माणसाला तो साठाव्या वर्षापर्यंतच मिळतो, पुढे नव्याने पडताळणी. तेवढी वर्षे मला पुरेशी आहेत. आईची वर्षे हा निराळा हिशेब आहे आणि तो आम्ही घरात कोणी मोठ्याने मांडत नाही. माघात निघायचे ठरले आहे. आईने पैठणसाठी लुगडे काढून ठेवले आहे आणि रिद्धपूरच्या त्या सुनेसाठी एक खणही. म्हणजे वाटेत तेथे पुन्हा थांबणे आले. पाचाचे सहा दिवस होणार असे दिसते. चिरंजीवांना तसे कळविले; त्यांनी रजा वाढवून घेतली असून वाशिमाला येऊन मिळतो म्हणतात. “मलाही गावे बघायची आहेत,” असे त्यांनी आजीला फोनवर सांगितले.

कारंजा, वाशीम, लोणार, जालना या बाजूला ज्यांचे आप्तेष्ट असतील, त्या वाचकांना एक विनंती. माघात त्या रस्त्यांनी एमपी २८ क्रमांकाची एक जुनी मारुती आठशे, मागच्या काचेतून डोकावणारी एक म्हातारी आणि पुढे सुकाणू घट्ट धरून बसलेला एक पिकल्या केसांचा मास्तर दिसला, तर कृपया त्यांना हॉर्न वाजवू नये असे कळवावे. लाल पाटी तेव्हा निघालेली असेल. वेग मात्र बहुधा तोच राहील.